दुकानगाळा घ्यायचाय, पण कर्ज कोण देईल? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

घराचं कर्ज एकदा काढलेलं असलं की वाटतं, गाळ्याचंही तसंच असणार. बँकेत जायचं, रिटर्न दाखवायचे, ऐंशी टक्के रक्कम मिळून जाईल. तसं होत नाही. गाळ्याला बँक कमी रक्कम देते, व्याज जास्त लावते, मुदत आखूड ठेवते आणि कागद मागताना हात राखत नाही. शिवाय एका बँकेनं परत पाठवलेलं प्रकरण दुसऱ्या बँकेत सरळ मंजूर होतं, कारण गाळ्याच्या बाबतीत प्रत्येकीची पसंती वेगळी. आपल्या प्रकरणाला कोण बसतं हे शोधणं हेच यातलं मुख्य काम, आणि ते विसार देण्याआधी करायचं असतं.

आम्ही पुण्यात छपाईच्या धंद्यासाठी गाळा घेतला, त्यानंतर ओळखीतल्या अनेकांनी हेच प्रश्न विचारले. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितो आहे. हे महाराष्ट्रात एखादा गाळा, छोटं ऑफिस किंवा दवाखान्याची जागा घेणाऱ्यांसाठी आहे. मोठे शोरूम किंवा अख्खी इमारत घेणाऱ्यांचं गणित निराळं असतं.

1. आधी ठरवा: गाळा स्वतः वापरणार की भाड्यानं देणार?

बँकेत पहिला प्रश्न हाच येतो. बरेचजण "सध्या भाड्यानं देऊ, पुढे मुलगा दुकान टाकेल" असं मोघम उत्तर देतात आणि पुढे दर ऐकून चकित होतात.

यामागचं कारण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2009 च्या सूचनांप्रमाणे, ज्या कर्जाची फेड त्याच मालमत्तेच्या भाड्यातून किंवा विक्रीतून व्हायची असते, ते 'कमर्शियल रिअल इस्टेट' या गटात मोडतं. फेड तुमच्या चालत्या धंद्याच्या कमाईतून होणार असेल, तर ते धंद्याचं कर्ज मानलं जातं. पहिल्या गटातल्या कर्जासाठी बँकेला जास्त तरतूद बाजूला ठेवावी लागते. तो खर्च दरात येतो, आणि काही बँका तर असं प्रकरण हातातच घेत नाहीत.

स्वतःच्या धंद्यासाठी घेत असाल तर तसं स्पष्ट सांगा आणि अर्जातही लिहा. भाड्यासाठी घेत असाल तर तेही खरं सांगा. खोटं लिहून कर्ज घेतलं आणि नंतर तपासणीत गाळ्यात भाडेकरू सापडला, तर मंजुरीच्या अटींचा भंग तुमच्या नावावर लागतो.

धंदा आपला असेल आणि उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर ती लगेच करून घ्या. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, कुणाला पैसे देण्याची गरज नाही. 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते. या प्रमाणपत्राचा उपयोग पुढे व्याजदरात आणि मुदतपूर्व फेडीत होतो, ते नवव्या पायरीत येईलच.

2. खिशातून किती जाणार ते मांडा

गाळ्यासाठी बँका साधारण किमतीच्या 50 ते 70 टक्के देतात. तीही साठेखतातली (खरेदीच्या करारातली) किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं काढलेली किंमत, यांपैकी जी कमी असेल तिच्यावर.

पुण्यातला 50 लाखांचा गाळा धरू. बँकेनं 60 टक्के म्हणजे 30 लाख दिले. तुमचे 20 लाख. त्यावर मुद्रांक शुल्क: पुणे महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख (मुंबईत 6 टक्के). नोंदणी शुल्क 30,000, कारण 30 लाखांच्या वर ते तेवढ्यावर थांबतं. प्रक्रिया शुल्क एक टक्का धरलं तर 30,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. दलाली, वकील, विमा, सोसायटीचं हस्तांतरण, गाळ्यातलं फर्निचर आणि विजेचं काम वेगळं. म्हणजे वीस लाख जमले म्हणून गाळा ठरवला तर नोंदणीच्या दिवशी चार-पाच लाखांची धावपळ ठरलेली.

इथे तीन गोष्टी नव्या माणसाला माहीत नसतात:

- बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे ऐकीव गणित गाळ्याला लागू नाही. महाराष्ट्रातली ती सवलत राहत्या घरासाठी आहे.
- किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस कापून तुम्हीच सरकारात भरायचा असतो. हा खर्च वरचा नाही, किमतीतूनच कापायचा आहे, पण ते आधी बोलून ठेवलं नाही तर ऐनवेळी वाद होतो. विकणारा परदेशस्थ असेल तर टीडीएसचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ही 50 लाखांची मर्यादाही तिथे नाही. सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.
- बांधकाम चालू असलेल्या गाळ्यावर जीएसटी लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या गाळ्यावर लागत नाही.

आता हप्ता. 30 लाख, 10 टक्के दर, 10 वर्षं: हप्ता सुमारे 39,650 आणि एकूण व्याज साडेसतरा लाखांच्या आसपास. तेच 15 वर्षांना हप्ता 32,250 च्या आसपास येतो, पण व्याज 28 लाखांवर जातं. मंदीचे महिने असलेल्या धंद्याला मी तरी जास्त मुदत घेऊन मधे मधे जादा रक्कम भरा असंच सांगेन, मात्र मुदतपूर्व फेडीला शुल्क नसेल तरच.

3. सिबिल आणि रिटर्न, अर्जाच्या निदान सहा महिने आधी

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढा. नुसता आकडा पाहू नका, आतली खाती वाचा. कधीच फेडलेलं दुचाकीचं कर्ज 'चालू' दिसणं, मित्राला दिलेला जामीन थकीत दिसणं, क्रेडिट कार्डाची शे-दोनशेची रक्कम 'सेटल्ड' (तडजोडीनं मिटवलेली) म्हणून पडून राहणं, हे प्रकार सर्रास सापडतात. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून सहा महिने.

उत्पन्नाचं गणित असं: बँक तुमच्या रिटर्नमधला निव्वळ नफा घेते, त्यात घसारा परत मिळवते, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत चालवून घेते. नऊ लाख नफा आणि एक लाख घसारा असेल तर दहा लाख, त्याचे निम्मे पाच लाख, म्हणजे महिन्याला 41,600 रुपये. वरचा 39,650 चा हप्ता यात जेमतेम बसतो, तोही दुसरं कुठलंच कर्ज नसेल तर. कारचा हप्ता चालू असेल तर बसत नाही.

छोट्या दुकानदारांची अडचण इथेच होते. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या 6 किंवा 8 टक्के नफा दाखवून रिटर्न भरलेला असतो. हातात येणारी कमाई त्याहून जास्त असली तरी बँक कागदावरचंच धरते. गाळा घ्यायचा विचार असेल तर दोन-तीन वर्षं आधीपासून सीएबरोबर बसून खरा नफा दाखवायला सुरुवात करा. कर जास्त भरावा लागेल, पण कर्जाची पात्रता त्यातूनच तयार होते. तीन वर्षांचे रिटर्न एकदम भरून अर्ज करायची युक्ती मात्र करू नका. भरण्याची तारीख रिटर्नवर छापलेली असते आणि बँकेतला माणूस सगळ्यात आधी तीच बघतो.

4. कोणाकडे जायचं

सरकारी बँका. दर सगळ्यात परवडणारा, छुपे खर्च कमी, पण कागद आणि वेळ जास्त. तुमचं चालू खातं ज्या शाखेत आहे तिथूनच सुरुवात करा. शाखाधिकाऱ्याला तुमची उलाढाल दिसत असते. साध्या शाखेत गाळ्याचं प्रकरण फार येत नाही, त्यामुळे "आमच्याकडे होत नाही" असं उत्तर मिळू शकतं. तेवढ्यावर परत येऊ नका. एमएसएमई (छोटे-मध्यम उद्योग) किंवा रिटेल कर्जाचं केंद्र कुठं आहे ते विचारा आणि तिथे जा.

खासगी बँका. काम लवकर होतं. यांच्याकडे गाळ्यासाठी वेगळी योजना असते, 'कमर्शियल पर्चेस' या नावानं विचारा. दर तुमच्या प्रोफाइलप्रमाणे बदलतो, म्हणून पहिला सांगितलेला दर शेवटचा समजू नका.

नागरी सहकारी बँका. महाराष्ट्रात यांचं जाळं दाट आहे आणि माझ्या मते छोट्या व्यापाऱ्यानं यांच्याकडे एकदा तरी जावंच. स्थानिक बाजारपेठ त्यांना पाठ असते. कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये गाळे चालतात, कुठला बिल्डर अडकला आहे, हे त्यांच्या अधिकाऱ्याला अहवाल न वाचता ठाऊक असतं. दोन गोष्टी आधी विचारा. एक, बँकेचे भाग (शेअर) किती घ्यावे लागतील: तारण कर्जावर अडीच टक्क्यांपर्यंतची रक्कम भागांत गुंतू शकते, म्हणजे 30 लाखांवर 75,000. दुसरी, जामीनदार किती लागतील.

वित्तीय कंपन्या, म्हणजे एनबीएफसी आणि हाउसिंग फायनान्स. दर जास्त, पण रिटर्न कमी असलेल्यांना इथे वाट असते. काही कंपन्या बँक खात्यातली सरासरी शिल्लक किंवा जीएसटीची उलाढाल बघून पात्रता काढतात. 'बँकिंग प्रोग्राम' किंवा 'जीएसटी प्रोग्राम' आहे का, असं थेट विचारा. दोन-तीन वर्षांनी चांगले रिटर्न हाताशी आले की कर्ज बँकेकडे वळवता येतं, हे डोक्यात ठेवून इथे जायला हरकत नाही.

पतसंस्था. दर चढा आणि मुदत आखूड. कमी पडणाऱ्या थोड्या रकमेसाठी लोक जातात. त्या हप्त्याचीही नोंद मुख्य बँकेसमोर ठेवा, लपवू नका.

आणखी एक वाट आहे. राहतं घर कर्जमुक्त असेल तर त्यावर तारण कर्ज काढून गाळा घेता येतो. गाळ्याच्या कागदांत बँकेला न चालणारी खोट असली की एजंट हीच वाट सुचवतात. थांबून विचार करा: जो गाळा कुठलीच बँक तारण घ्यायला तयार नाही, त्यासाठी घर गहाण टाकायचं का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असावं.

एजंटबद्दल: बँकेनं नेमलेल्या एजंटला कमिशन बँक देते. फाइल लावायच्या आधी तुमच्याकडे पैसे मागणारा एजंट टाळा. आणि एकाच वेळी सहा ठिकाणी अर्ज लावू देऊ नका. प्रत्येक अर्जागणिक सिबिलवर चौकशीची नोंद पडते आणि पुढची बँक विचारते, "बाकीच्यांनी का नाही दिलं?" तोंडी चौकशी हवी तितकी करा, अर्ज दोन ठिकाणीच.

5. गाळ्याची कुंडली

तुमचे कागद चोख असूनही प्रकरण परत येतं ते गाळ्यामुळे. खालचे प्रकार समोर आले तर आधी बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला दाखवा, मगच बोलणी करा.

पागडी. मुंबईच्या जुन्या बाजारांत पागडीचे गाळे स्वस्त वाटतात. त्यात तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. जे आपल्या मालकीचं नाही ते गहाण ठेवता येत नाही, म्हणून बहुतेक बँका यावर कर्ज देत नाहीत.

एमआयडीसी आणि सिडको. इथली जमीन भाडेपट्ट्यावर असते, एमआयडीसीत सहसा 95 वर्षांच्या, सिडकोत 60 वर्षांच्या. कर्ज मिळतं, पण हस्तांतरणाची परवानगी, त्याचं शुल्क आणि गहाण ठेवण्याचं ना हरकत पत्र लागतं. पट्ट्याची किती वर्षं उरली आहेत तेही बघा.

पार्किंगमध्ये काढलेले गाळे. मंजूर नकाशात जिथे वाहनतळ आहे तिथे शटर लावून गाळे विकलेले असतात. साठेखत झालेलं असतं, वीज मीटर असतं, करपावतीही असते. म्हणून लोक निर्धास्त राहतात. करपावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि त्यावर तुमचा गाळा बोट ठेवून दाखवायला सांगा. तळघरातल्या गाळ्यांचंही तेच.

घराचं केलेलं दुकान. तळमजल्याच्या फ्लॅटला बाहेरून दार पाडून दुकान चालवतात. कागदावर तो फ्लॅटच असतो. वापर बदलाची परवानगी नसेल तर गाळ्याचं कर्ज होत नाही आणि 'घर' म्हणून कर्ज घेऊन दुकान चालवणं म्हणजे पुन्हा अटींचा भंग.

भोगवटा प्रमाणपत्र नसणं. जुन्या इमारतींत हे फार आढळतं. काही सहकारी बँका आणि वित्तीय कंपन्या बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि कराच्या जुन्या पावत्या बघून विचार करतात. सरकारी बँकेत कठीण.

विकणाऱ्याचं चालू कर्ज. हा दोष नाही, पण कामाचा क्रम बदलतो. त्याच्या बँकेकडून शिल्लक कर्जाचं पत्र आणि तिथे जमा असलेल्या कागदांची यादी घ्यावी लागते. तुमची बँक थेट त्या बँकेच्या नावानं चेक काढते. नवीन इमारतीत बिल्डरनं अख्ख्या प्रकल्पावर कर्ज काढलेलं असतं, तिथे त्या वित्तसंस्थेचं तुमच्या गाळ्यापुरतं ना हरकत पत्र लागतंच.

घरबसल्या तीन तपासण्या करता येतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून त्या गाळ्याचे सूची क्रमांक 2 (इंडेक्स 2, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) काढा. सरसाईच्या (गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून गाळा कुठं गहाण आहे का ते बघा. आणि नवीन प्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पावरचे खटले, बोजा आणि पूर्ण होण्याची तारीख वाचा.

6. विसार देताना

गाळा आवडला की दलाल घाई करतो. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." विसार द्यायला हरकत नाही, पण कागदावर आणि एका अटीसह: *मालमत्तेच्या कागदांतील त्रुटीमुळे बँकेने कर्ज नाकारल्यास विसाराची पूर्ण रक्कम इतक्या दिवसांत परत मिळेल.* दिवसांचा आकडा घाला. ज्या विकणाऱ्याला ही अट नको असते, त्याला आपल्या कागदांची अवस्था ठाऊक असते असं मी समजतो.

रक्कम चेकनं किंवा ऑनलाइनच द्या. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. "निम्मे रोख द्या, साठेखत कमी किमतीचं करू" हा प्रस्ताव तर तुमच्या कर्जाच्याच मुळावर येतो: बँक साठेखतातल्या किमतीवर टक्के काढते, म्हणजे कर्जही तेवढंच घटतं आणि रोखीचा सगळा भार तुमच्यावर.

नवीन प्रकल्पात बिल्डरला साठेखत नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायद्याच्या कलम 13 चा नियम आहे. तो दाखवून बोला.

7. फाइल तयार करा

सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि छापील प्रतींचे दोन संच करा.

तुमचे कागद:
- पॅन, आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. सगळ्या मालकांचे, कारण गाळ्याचे सगळे मालक कर्जात सहअर्जदार असावे लागतात
- तीन वर्षांचे रिटर्न, उत्पन्नाच्या गणनेसह
- तीन वर्षांचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक, सीएच्या सही-शिक्क्यासह
- बारा महिन्यांचं चालू आणि बचत खात्याचं स्टेटमेंट
- जीएसटी नोंदणी आणि वर्षभराचे रिटर्न
- उद्यम प्रमाणपत्र, गुमास्ता किंवा शॉप अॅक्टची पावती
- चालू कर्जांची मंजुरीपत्रं आणि परतफेडीचे तपशील
- भागीदारी असेल तर करारपत्र, कंपनी असेल तर ठराव

गाळ्याचे कागद:
- साठेखताचा मसुदा, आणि पहिल्या मालकापासून आजपर्यंतच्या सगळ्या दस्तांची साखळी
- प्रत्येक दस्ताचा सूची क्रमांक 2 आणि नोंदणीची पावती
- सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश
- मंजूर नकाशा, बांधकाम परवाना, भोगवटा प्रमाणपत्र
- सोसायटीचं भागप्रमाणपत्र आणि ना हरकत पत्र
- चालू वर्षाची मिळकत कराची पावती

साखळीतला एखादा जुना दस्त हरवलेला निघतो. नुसत्या झेरॉक्सवर बँक भागवून घेत नाही. विकणाऱ्याकडून पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत एवढं करून घ्यावं लागतं. हे काम त्याचं आहे, खर्चही त्याचाच, हे विसाराच्या कागदात लिहून ठेवा.

8. वकील आणि व्हॅल्युअर

बँकेचा वकील साधारण तीस वर्षांचा शोध घेतो आणि अहवाल देतो. अहवालाची प्रत मागून घ्या. तुम्ही त्याची फी भरलेली असते.

व्हॅल्युअर येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा. आमच्या गाळ्यात तो गृहस्थ आला, लेझरचं यंत्र भिंतीला टेकवलं, लांबी-रुंदी घेतली. मग पोटमाळ्याकडे जाणाऱ्या लोखंडी शिडीजवळ उभा राहून मंजूर नकाशा उलगडला. नकाशात पोटमाळा नव्हता. त्यानं वर चढून मापही घेतलं नाही, वहीत त्या जागेपुढे फुली मारली आणि पुढे गेला. दलालानं किंमत सांगताना तोच पोटमाळा धरून चौरस फूट मोजले होते.

गाळ्यांच्या किमतीत हे सगळीकडे होतं. पोटमाळा, पुढचा ओटा, शटरबाहेरची जागा आणि 'सेलेबल' नावाखाली चढवलेलं क्षेत्रफळ धरून भाव सांगितला जातो. व्हॅल्युअर फक्त मंजूर नकाशातलं चटई क्षेत्र धरतो. म्हणून बोलणी करतानाच भाव चटई क्षेत्राच्या चौरस फुटावर आणून बघा. किंमत व्हॅल्युअरकडे कमी आली तर त्या आकड्याच्या जोरावर विकणाऱ्याशी पुन्हा बोलता येतं. आजूबाजूच्या एक-दोन गाळ्यांचे अलीकडचे सूची क्रमांक 2 हाताशी असतील तर व्हॅल्युअरला दाखवा, तो ते बघतो.

9. मंजुरीपत्र सावकाश वाचा

1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांसाठी बँकेनं 'मुख्य तथ्य विवरण', म्हणजे केएफएस द्यायचं असतं. त्यात सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करा, जाहिरातीतल्या दरावर नको. केएफएसमध्ये नसलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

दर कशाला जोडलेला आहे? ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची कर्जं रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडायची आहेत. वित्तीय कंपन्या आणि सहकारी बँकांना ते बंधन नाही, त्या आपल्या स्वतःच्या आधारदराला जोडतात. तिथे दर खाली यायला वेळ लागतो, विचारावं लागतं, कधी शुल्क भरावं लागतं.

मुदतपूर्व फेड. इथे नियम नुकताच बदलला आहे आणि जुन्या माहितीवर अजून सल्ले दिले जातात. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या धंद्याच्या कर्जावर व्यापारी बँकांना व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांकडून मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. लघुवित्त बँका आणि मध्यम स्तरातल्या वित्तीय कंपन्यांना ही मनाई 50 लाखांपर्यंतच्या कर्जाला आहे. लहान सहकारी बँका आणि लहान वित्तीय कंपन्या यात येत नाहीत. स्थिर दराचं कर्ज असेल तर शुल्क लागू शकतं. आपल्या कर्जाला काय लागू आहे ते केएफएसमध्ये लेखी बघा.

विमा. गाळ्याचा आगीचा आणि भूकंपाचा विमा बँक मागते, तो घ्यावाच. कर्जाच्या रकमेत मिसळून दिलेला जीवन विमा मात्र ऐच्छिक असतो. आम्हाला एका ठिकाणी "याशिवाय फाइल पुढं जात नाही" असं तोंडी सांगितलं गेलं. तेच लेखी द्या म्हटल्यावर विषय संपला. कर्ज मोठं आणि कमावणारा एकच असेल तर जीवन विमा जरूर घ्या, पण बाहेर भाव काढून.

लेखी तक्रार करूनही बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते.

10. नोंदणी आणि चेक

इथे एक पेच असतो. बँक म्हणते, नोंदणी झालेलं साठेखत आणा, मग चेक देतो. विकणारा म्हणतो, चेक दाखवा, मग सही करतो. यावर तोडगा असा: साठेखतात तुमच्या वाट्याची रक्कम कधी, कशी दिली ते लिहा आणि उरलेली रक्कम अमुक बँकेच्या कर्जातून नोंदणीनंतर ठरावीक दिवसांत मिळेल, ताबा ती मिळाल्यावर दिला जाईल, असं कलम घाला. मंजुरीपत्राची प्रत विकणाऱ्याला द्या. शक्य असेल तर बँकेकडून तयार चेकची झेरॉक्स घेऊन नोंदणीला जा. बहुतेकांचं समाधान होतं. टीडीएस कापायचा असेल तर तो तुमच्या वाट्याच्या रकमेतून कापा, म्हणजे बँकेच्या चेकची रक्कम बदलावी लागत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्याआधी साठेखताचा मसुदा बँकेच्या वकिलाला दाखवलेला असू द्या. गाळा क्रमांक, मजला आणि क्षेत्रफळ मंजूर नकाशाप्रमाणे नसेल तर नंतर चूक-दुरुस्ती दस्त करत बसावं लागतं.

कर्ज सुटल्यावर लगोलग करायच्या गोष्टी:

मूळ दस्त बँकेत जमा करून गहाण ठेवलं की त्याची सूचना निबंधक कार्यालयात 30 दिवसांच्या आत दाखल करायची असते. कायद्यानं ही जबाबदारी कर्जदाराची आहे. बँकेचा माणूस करून देतो म्हणाला तरी त्याची पावती मागून घ्या.

सोसायटीत भागप्रमाणपत्रावर नाव लावून घ्या. सोसायटी तुमच्या कर्जाचा बोजा आपल्या नोंदीत धरते, त्याचं पत्र बँकेला द्या. मिळकत कर आणि वीज मीटर स्वतःच्या नावावर करा.

करसल्लागाराला पहिल्याच वर्षी सांगा की गाळा कशासाठी वापरला जातो. घरकर्जाच्या मुद्दलावर मिळणारी वजावट गाळ्याला नाही. धंद्यात वापरला तर व्याज आणि घसारा धंद्याच्या खर्चात जातात.

आणि बँकेत मूळ कागद देताना त्यांची यादी करून तिच्यावर शाखेचा शिक्का, अधिकाऱ्याची सही आणि तारीख घ्या. कोणता दस्त, किती पानं, मूळ की प्रमाणित प्रत, हे प्रत्येक ओळीत लिहिलेलं हवं. दहा वर्षांनी कर्ज फिटेल तेव्हा त्या शाखेत आजचा एकही माणूस नसेल, आणि कागद परत मागताना हीच यादी पुढे करायची आहे.